शून्याखालचं ऊन

"ऊन मोजायला इतक्या लांब कशाला जायला हवं रे? आपल्या गच्चीवर काय कमी पडतंय?"

१९९३ चा नोव्हेंबर होता. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या तुकडीत माझं नाव आलंय, हिवाळाही तिथेच काढायचाय, म्हणजे घरी यायला वर्षाहून अधिक काळ लागेल, हे मी घाबरत घाबरत सांगितलं. त्यावर आईची ही पहिली प्रतिक्रिया. थंडी, एकटेपणा, समुद्रप्रवास यातलं काही तिला खटकलं नव्हतं. खटकलं ते एवढंच, की चांगला शिकलेला मुलगा ऊन मोजायला बर्फात चाललाय.

तिच्या दृष्टीने ऊन मोजणं हे काही शास्त्रज्ञांचं काम नव्हतंच. ती स्वतः दर एप्रिलमध्ये ते करत असे. कुरडयांना तीन उन्हं, सांडग्यांना चार, मिरच्यांना "आणखी एक ऊन दाखवायला हवं". धोतराच्या पानावर घातलेली साबुदाण्याची पापडी बोटाने दाबून ती सांगायची, आज ऊन पोकळ होतं. आणि त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी आलेख पाहिला, तर वर पातळ ढगांचा पडदा असल्याचं खरोखरच दिसायचं. आमच्या यंत्राला जे कळायला मिलिव्होल्ट लागत, ते तिला बोटाला कळत होतं. फरक एवढाच, की तिचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी ताडून पाहता येत नसे.

मी पुण्याच्या वेधशाळेत नोकरीला होतो. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला जुने पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं. देशभर ऊन मोजणारी यंत्रं तपासून, त्यांचं प्रमाणीकरण करून पाठवायचं काम पुण्यातच चालतं. हे काम उभं केलं ते अण्णा मणी यांनी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या बाई १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी भारतभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं विणलं. परदेशी यंत्रांची वाट बघत बसण्यापेक्षा ती इथेच बनवायची, हा त्यांचा हट्ट. मी नोकरीला लागलो तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेली पिढी होती. आकडा चुकीचा लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडलेली बरी, हा त्या पिढीचा दंडक. नवशिक्या माणसाला तो ऐकायला फार सोपा वाटायचा.

पुण्यातलं प्रमाणयंत्र तरी बरोबर कशावरून? तर त्याची तुलना दर पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या दावोसला जगभरच्या प्रमाणयंत्रांशी होते. दावोस म्हटलं की हल्ली करारमदार करणारे उद्योगपती आणि मंत्री आठवतात. आमच्या जातीच्या माणसांना मात्र तिथलं जागतिक प्रारण केंद्र आठवतं. सगळे एका ओळीत यंत्रं मांडून, सूर्याकडे रोखून, ढग जायची वाट बघत उभे!

*

डिसेंबरमध्ये गोव्याहून आमचं जहाज निघालं. प्रवासाचं वर्णन करत नाही, ते इतरांनी पुष्कळ केलंय, आणि माझे बरेचसे दिवस आडवे पडून, बादली जवळ धरून गेले.

'मैत्री' हे आपलं केंद्र शिर्माखर ओअॅसिस नावाच्या उघड्या खडकाळ पट्ट्यावर आहे. अक्षांश दक्षिण ७० अंश ४६ मिनिटं. त्याआधीचं आपलं 'दक्षिण गंगोत्री' १९८३-८४ मध्ये समुद्रावर तरंगणाऱ्या हिमस्तरावर उभारलं होतं, ते हळूहळू बर्फात गाडलं गेलं. 'मैत्री' १९८८-८९ मध्ये खडकावर, लोखंडी पायांवर उभं राहिलं. दक्षिणेला बर्फाचा अजस्र चढ, उत्तरेला हिमस्तर, मध्ये तपकिरी दगडधोंडे आणि शंभराहून जास्त तळी. शेजारचं प्रियदर्शिनी तळं म्हणजे आमची पाणीपुरवठा योजना. चार-पाच किलोमीटरवर रशियनांचं नोवोलाझारेव्स्काया केंद्र. शेजार म्हणावा तर तेवढाच.

तिथे पहिल्यांदा गोंधळायला होतं ते सूर्यामुळे. तो दुपारी उत्तरेला असतो आणि आकाशातून उजवीकडून डावीकडे जातो. आयुष्यभर सावली पाहून दिशा ओळखणारा माणूस मी, पहिला आठवडा चक्क चुकीच्या बाजूने जेवणघराकडे जात होतो. आणि डिसेंबर-जानेवारीत तो मावळतच नाही. भर दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर, मध्यरात्री चार अंशांवर, असा डोक्याभोवती तिरका गोल फिरत राहतो. उंची कमी पण चोवीस तास हजेरी, त्यामुळे एकूण बेरीज थक्क करणारी होते. वातावरणाच्या माथ्यावर मोजलं, तर डिसेंबरच्या अखेरीस दिवसाकाठी पृथ्वीवर सर्वांत जास्त ऊन दक्षिण ध्रुवावर पडतं, विषुववृत्तावर नाही. हे मी आईला सांगितलं असतं, तर तिने विचारलं असतं, मग बर्फ वितळत कसं नाही?

आमचं तिथलं निम्मं काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर.

यंत्र तसं साधं असतं. तळहाताएवढी धातूची चकती, मध्ये काळी पट्टी, आणि तिच्यावर एकात एक बसवलेले काचेचे दोन घुमट. पट्टी उन्हाने तापते; तापलेला भाग आणि थंड भाग यांच्यातल्या फरकामुळे धातूंच्या जोडांत किंचित वीजदाब तयार होतो. त्यावरून दर चौरस मीटरवर किती वॅट ऊर्जा आली ते काढायचं. याला पायरॅनोमीटर म्हणतात. त्याच्यावर सूर्यापुरती सावली धरली, की नुसतं आकाशातून विखुरलेलं ऊन कळतं. नळीसारखं यंत्र थेट सूर्यावर रोखलं, की सरळ आलेलं ऊन कळतं. आणि पायरॅनोमीटर चक्क उलटा टांगला, की जमिनीने किती ऊन परत फेकलं ते कळतं.

हा उलटा टांगलेला गडी माझा सर्वांत लाडका. केंद्राजवळच्या दगडमातीवर तो सांगे, शंभरातले पंधरा-वीस परत गेले. तेच खोगीरपिशवीत घालून बर्फावर ताज्या हिमावर नेला, की ऐंशीच्या पुढे, कधी नव्वदच्या जवळ. म्हणजे आलेलं ऊन बर्फ आल्या पावली परत पाठवतं. बर्फ टिकून राहायचं एक मोठं कारण त्याचा पांढरेपणा हेच आहे, आणि आमच्या पायाखालचे खडक उघडे राहायला त्यांचा काळेपणा मदत करतो. या परत फेकलेल्या उन्हाची प्रचीती आम्हाला अंगावरही येई. पहिल्या महिन्यात माझी हनुवटी खालून आणि नाकपुड्या आतून भाजल्या होत्या. टोपीचा काय उपयोग, ऊन खालून येत होतं!

समुद्राचं उघडं पाणी मात्र शंभरातले सहा-सातच परत पाठवतं. म्हणून तिथलं समुद्री बर्फ कमी होणं ही नुसती बर्फाची बातमी नसते. पांढरं जाऊन त्या जागी काळं येतं. २०२३ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचं समुद्री बर्फ उपग्रहांच्या नोंदीतलं सर्वांत कमी भरलं, आणि त्याच वर्षीच्या हिवाळ्यातही ते नीट वाढलं नाही. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो उलटा टांगलेला पायरॅनोमीटर आठवला.

*

मार्चमध्ये जहाज गेलं. आम्ही पंचवीसेक जण उरलो. दिवस इतक्या झपाट्याने आखडत गेले, की दर आठवड्याला आलेखावरची टेकडी बुटकी झालेली दिसायची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात ती सपाट झाली. सूर्य गेला.

दुपारी अकरा-सव्वाअकराला (आमची घड्याळं ग्रिनिचच्या वेळेवर, त्यामुळे आमची खरी दुपार तेव्हा व्हायची) उत्तरेला तासभर केशरी उजेड येई, की पुन्हा काळोख. आता ऊन मोजणाऱ्याला काम काय, असं सगळे चेष्टेने विचारत. गॅलीत भांडी घासायची पाळी आली की हमखास. पण काम होतं. जमीन आणि आकाश दोन्ही अंधारातही उष्णता फेकत असतात. डोळ्यांना न दिसणारी ही देवघेव मोजायला वेगळं यंत्र होतं. उणे पंचवीस अंशांना बर्फाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारे २१५ वॅट वर सोडतो. निरभ्र आकाश त्यातले दीडशेच्या आसपास परत करतं. बाकीचे गेले ते गेले. ढग आले की परतफेड एकदम दोनशेवर जाते आणि तासाभरात पारा चढायला लागतो. अंटार्क्टिकाच्या रात्री ढग म्हणजे गोधडी. आपल्याकडे डिसेंबरात आभाळ आलं की थंडी पळते, तेच हे, फक्त मोठ्या मापाचं.

आणि पायरॅनोमीटर? तो काळोखात शून्य दाखवेल असं कुणालाही वाटेल. तो दाखवायचा उणे तीन. कधी उणे दोन, कधी उणे चार.

उणं ऊन! कारण सोपं आहे. निरभ्र रात्री काचेचा घुमट थंडगार आकाशाकडे उष्णता फेकून आतल्या पट्टीपेक्षा गार होतो, पट्टी घुमटाकडे उष्णता गमावते, आणि वीजदाब उलट्या दिशेने जातो. ढग असले की हा उणेपणा कमी होतो. पुढे पुढे तर बाहेर न डोकावता नुसत्या त्या आकड्यावरून आभाळ मोकळं आहे की नाही, हे मी सांगू लागलो. तिथे शून्य लिहायचा मोह होतो, पण लिहायचं नसतं. कारण तीच चूक दिवसाही उन्हाच्या आकड्यात लपलेली असते, आणि रात्रीचे उणे आकडे प्रामाणिकपणे लिहिलेले असतील तरच ती पुढे कुणाला दुरुस्त करता येते.

घरी बोलायला उपग्रहाचा फोन होता. मिनिटाचा दर आठवला की गप्पा आपोआप आटोपशीर होत. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारच्या काकूंचा पीपी नंबर. पंधरा दिवसांतून एकदा, रविवारी, आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी तिघीही काकूंच्या दिवाणखान्यात रांगेत बसून राहत. ठरावीक मजकूर संपला की आई विचारायची, "आज किती ऊन?" मी दुपारचा आकडा सांगायचो. जूनमध्ये मी म्हणालो, "उणे तीन."

पलीकडे शांतता. मग: "ऊन उणं कसं असेल? नीट बघ. चुकलं असेल तुझं."

*

आता माझी चूक सांगतो, ती वेगळीच होती.

पायरॅनोमीटरच्या पोटात ओल शोषून घेणारे सिलिका जेलचे दाणे असतात. कोरडे असताना निळे, ओल पिऊन भरले की गुलाबी. ते वेळच्या वेळी बदलायचे, हे नवख्या मदतनिसालाही ठाऊक असतं. मी रोज बाहेर जाऊन घुमट पुसत होतो. हिमवादळात दोर धरून, जोडीला कुणीतरी घेऊन, दोन मिनिटांच्या कामासाठी वीस मिनिटं कपडे चढवून जात होतो. पण दाण्यांची खिडकी तपासायची तर हातमोजा काढून, गुडघ्यावर बसून, विजेरी धरून वाकावं लागे. काळोखात मोजायचं तरी काय आहे, असं म्हणत मी जून ढकलला. जुलैही ढकलला.

२३ जुलैला सूर्य आला. आला म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावर एक लाल कड काही मिनिटं दिसली. स्वयंपाक्याने शिरा केला होता. लष्करातले जवान, डॉक्टर, इंजिनियर, सगळे बाहेर उभे राहून ओरडत होते. मी आत धावलो आणि आकडा पाहिला: अकरा. दुसऱ्याच दिवशी फोनची पाळी होती. "अकरा वॅट ऊन पडलं काल!" मी ओरडून सांगितलं. आई म्हणाली, "अकराने तर पापडीसुद्धा वाळायची नाही." पण तिच्या आवाजात समाधान होतं. उणं-बिणं काही नाही, आकडा सरळ होता.

१० ऑगस्टला आभाळ लख्ख होतं. दुपारी सूर्य क्षितिजाच्या साडेतीन अंश वर. त्या उंचीला, मध्ये हवा मुळीच नसती तर, आडव्या जमिनीवर किती ऊन पडलं असतं हे कागदावर काढता येतं. आम्ही तेव्हा सौर स्थिरांक १३६७ धरत होतो, आता १३६१ मानतात. कसंही धरलं तरी उत्तर ८४ च्या आसपास येतं. वातावरणातून गाळून आलेलं ऊन त्याहून बरंच कमी हवं. माझं यंत्र दाखवत होतं ९७.

सूर्याने पाठवलं त्याच्यापेक्षा जास्त ऊन माझ्याकडे जमा झालं होतं!

पोटात गोळा आला. बाहेर गेलो, आणि पहिल्यांदाच घुमटाकडे वरून न बघता, बाजूने, सूर्याकडे तोंड करून पाहिलं. बाहेरची काच मी मघाशीच पुसलेली, स्वच्छ. पण दोन घुमटांच्या मध्ये, आतल्या बाजूला, फुंकर मारलेल्या आरशावर असते तशी दवाची पांढुरकी साय गोठलेली होती. विजेरीच्या उजेडात ती कधी दिसलीच नव्हती. टेकलेला सूर्य घुमटाच्या कुशीवर पडायचा आणि ती साय त्याचा उजेड खाली पट्टीवर उधळायची. वाकून खिडकी पाहिली. दाणे गुलाबी. आमच्या परसातल्या बोगनवेलीसारखे गुलाबी.

दाणे बदलले, यंत्र आत आणून वाळवलं, पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी आकडे ताळ्यावर आले. प्रश्न मागच्या एकोणीस दिवसांचा होता. एका मित्राने सरळ तोडगा सुचवला: "जास्त दाखवतंय ना? मग ठरावीक टक्के वजा कर. कोण येतंय बघायला?" तो वाईट माणूस नव्हता, माझं तोंड पाहून म्हणाला होता. पण सायीचा परिणाम सूर्याच्या उंचीप्रमाणे बदलतो. ढगाळ दिवशी वेगळा, उघडीप असताना वेगळा. ठरावीक टक्के नावाचं काही नव्हतंच. ज्या तीन निरभ्र दिवशी मी सरळ आलेलं ऊन हाताने स्वतंत्र मोजलं होतं, तेवढ्यांची बेरीज जुळवून काहीतरी म्हणता आलं. उरलेले सोळा दिवस गेले.

खरं सांगतो, दोन रात्री मी नोंदवही उघडून नुसता बसलो. वर्षभराच्या कामात ज्या दिवसांची सगळ्यांनी वाट पाहिली, काळोखानंतरचे पहिले दिवस, नेमके तेच. आणि आलेख इतका देखणा होता! रोज थोडी थोडी वाढणारी टेकडी, कुठे खाच नाही. तसाच पाठवला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं असं मला वाटत नाही. दहा ऑगस्टचा एक आकडा तेवढा 'ढगाच्या कडेवरून परावर्तन' म्हणून खपून गेला असता.

तिसऱ्या दिवशी समासात लिहिलं: २३ जुलै ते १० ऑगस्ट, शंकास्पद, घुमटात आतून हिम, आर्द्रताशोषक वेळेवर बदलला नाही. खाली सही. 'बदलला गेला नाही' असं आधी लिहिलं होतं, 'गेला' खोडलं.

आईला हे फोनवर कसं सांगायचं याचा मी फार विचार केला होता. प्रत्यक्षात तिने एकच विचारलं, "मग ते अकरा खरं किती होतं?"

"ते आता कुणालाच कळणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन मुलीकडे दिला.

*

परत आल्यावर नोकरीची पुढची वर्षं पुण्यातच गेली. आता 'मैत्री'च्या जोडीला लार्समन टेकड्यांवर 'भारती' आहे, २०१२ पासून. मोहिमांचा कारभार गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो. १९९२ पासून जगभरच्या निवडक केंद्रांचं एक जाळं मिनिटामिनिटाचं ऊन एकाच शिस्तीने मोजतंय. त्यात जर्मनांचं नॉयमायर आहे, जपान्यांचं श्योवा आहे, खुद्द दक्षिण ध्रुवही आहे. घुमटांवर आता गरम हवा खेळवतात, आकडे संगणकात आपोआप जातात. तरी ज्यांनी हिवाळा काढलाय ते सांगतात, पुसायला अजून माणूसच लागतो.

आई २००८ साली गेली. घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर कालनिर्णयचे गठ्ठे सापडले. दुधाचे हिशेब, गॅसची तारीख, कुणाचं बारसं, सगळं चौकोनांत लिहिलेलं. १९९४ चं मी मुद्दाम शोधलं. रविवारच्या चौकोनांत, एकाआड एक, दुधाच्या लिटरांखाली माझे आकडे होते. जूनमध्ये तिने '३' लिहिलं होतं. त्याच्या आधी, नंतर कधीतरी वेगळ्या शाईने, उण्याची आडवी रेघ ओढलेली होती. जुलैच्या चौथ्या रविवारी '११' होतं, त्यावर बारीकशी काट मारलेली. आकडा मात्र खालून वाचता येत होता. शेजारी दुसरं काहीही लिहिलेलं नव्हतं.